प्रतिसाद: २०११ची अकॉर्ड की सुपर्ब?

कोथरूडमधली २०११ची होंडा अकॉर्ड २.४ (पेट्रोल) घ्यावी की त्याच वयाची स्कोडा सुपर्ब डिझेल, असं विचारलंय तुम्ही. मी अकॉर्डच घेईन. साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला (जुन्या पद्धतीचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि इंजिनात टायमिंग चेन, जी सहसा बदलावी लागत नाही. सुपर्बला चेनऐवजी बेल्ट, जो ठरावीक काळाने बदलावा लागतो, वर डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बिघडला तर खर्च फार मोठा. अकॉर्ड पेट्रोल जास्त पिणार, हे धरूनच चाला.

पण आधी आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) नोंदणीची तारीख बघा! १५ वर्षं झाली की फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नोंदणीचं ५ वर्षांचं नूतनीकरण आलंच. ते मालकाकडून करून घ्या, नाहीतर किमतीतून वजा करा. गाडी सिंहगड रस्त्याच्या गर्दीत चालवून बघा, गिअरचे झटके तिथेच कळतात. आणि लिफ्टवर चढवून बूड तपासाच. आपल्याकडचे स्पीडब्रेकर अकॉर्डला खालून घासतात.