जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी निम्म्याच स्पीडने का चालतेय?

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा (ड्राइव्ह जोडायचं कनेक्शन) एसएसडी टाकली, पण रीड स्पीड सेकंदाला २७० एमबीच्या वर जातच नाहीये, आणि तीच डेस्कटॉपला लावली की आरामात ५४० देते, म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत आहे. बायॉसमध्ये एएचसीआय (साटा ड्राइव्हचा नेहमीचा मोड) आहे, ट्रिम (एसएसडीला रिकाम्या जागा कळवणारी सोय) चालू आहे, पार्टिशनची अलाइनमेंट बघितली, विंडोज पण नव्याने टाकून झालं (अख्खा रविवार गेला त्यात). क्रिस्टलडिस्कइन्फोत (ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू मोड साटा/३०० (सेकंदाला कमाल ३०० एमबी) दिसतो, ड्राइव्हचा सपोर्ट मात्र साटा/६०० चा. लॅपटॉप बदलायचा नाहीये. मग हे लॅपटॉपच्या चिपसेटचंच (मदरबोर्डवरची मुख्य कंट्रोलर चिप) लिमिट आहे की आतली रिबन केबल खराब असल्यामुळे लिंक खाली येतेय, हे परत न उघडता कसं ओळखायचं?