मदत हवी आहे: मानसिक आरोग्याच्या ओपीडीबद्दल सगळेच 'चांगलं आहे' म्हणतात, खरं कसं कळणार?

माणदेशी:
जत तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. समुपदेशन, गोळ्या आणि आशाताईंची घरभेट अशी सेवा आहे. रुग्ण समाधानी आहेत का, ते बघायला सीएसक्यू-८ ही आठ प्रश्नांची समाधान मोजणारी इंग्रजी प्रश्नावली आम्हीच मराठीत करून भरून घेतली. बहुतेकांना ३२ पैकी ३० च्या पुढे गुण. फेरतपासणीला मात्र बरेच जण फिरकत नाहीत. चुकलं काय?

कृष्णाकाठ:
फॉर्म आशाताईंनीच भरून घेतले ना? ज्यांचं तोंड रोज बघायचं, त्यांच्यासमोर कोण वाईट बोलेल! शेजारच्या उपकेंद्राच्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) बसवा.
दुसरं, तुम्ही येणाऱ्यांनाच विचारलंत. रजिस्टरमधून तीन महिने न आलेल्यांची यादी काढा, खरी माहिती तिथं आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले त्यातून वेगळे काढा. ते नाराज नसतात, गावात नसतात. फोन घरात एकच असतो, म्हणून दुसऱ्या कुणी उचलला तर कशासाठी केलाय ते सांगू नका.
'समाधानी आहात का?' असं विचारलं की 'हो'च येणार. त्यापेक्षा विचारा: मागच्या खेपेला किती वेळ थांबलात? गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या? बोलताना खोलीत आणखी कोण होतं? बऱ्याचदा घोडं इथंच अडतं. लसीकरणाच्या रांगेशेजारी टेबल टाकून 'झोप लागते का?' विचारलं, तर बाई पुन्हा कशाला येईल? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

आकडेमोड:
सीएसक्यू-८ वर मालकी हक्क आहे. परवानगीशिवाय भाषांतर करून वापरू नका. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे, पण ती आजाराची तीव्रता मोजते, समाधान नव्हे. दोन्हींची बेरीज करू नका. तिच्या नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर फॉर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या.
नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात. दहाव्या दिवशी विचारलंत तर तक्रारीच ऐकाल. सहा-आठ आठवड्यांनी विचारा.

माणदेशी:
वाचता न येणाऱ्यांसाठी चेहऱ्यांची चित्रं चालतील?

कृष्णाकाठ:
हसरा चेहराच उचलतात हो. चार-पाच साधे प्रश्न तोंडी विचारा आणि शेवटी 'इथली एक गोष्ट बदलायची तर कुठली?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. 'गोळीनं अंग जड होतं, खुरपायला जाववत नाही' याचं तुम्ही 'साइड इफेक्ट: आहे' केलंत, की डॉक्टरांना गोळीची वेळ बदलायचं सुचणार नाही.