मदत हवी आहे: टेंडनला चिकटलेला व्रण, सिलिकॉनच्या पुढे काय?

माझ्या एका रुग्णाच्या बोटाच्या मुळाशी, झोन 2 मध्ये (तळव्याच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या हाडापर्यंतचा भाग) फ्लेक्सर टेंडन (बोट मिटवणारी, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवल्याला 12 आठवडे झालेत. जखम भरली आहे, पण व्रण कडक आहे आणि मूठ वळताना त्यावरची कातडी आत ओढली जाते. आपण बोट मिटवून दिलं तर पूर्ण मिटतं. रुग्णाने स्वतः मिटलं की टोक तळव्यापासून 2 सेंमी लांब राहतं. म्हणजे सांधे मोकळे आहेत, टेंडनच अडकलाय.

सध्या रोज 12 तासांहून जास्त सिलिकॉन शीट, दिवसातून 4 वेळा 5 मिनिटं खोल मसाज (तेल अगदी थोडं, नाहीतर बोटं नुसती घसरतात आणि खालचा थर हलतच नाही), मग लगेच टेंडन ग्लायडिंग (टेंडन सरकत राहावा म्हणून मुठीच्या वेगवेगळ्या स्थिती करणं) आणि बोटाच्या मधल्या व टोकाच्या सांध्याचं ब्लॉकिंग (खालचा भाग धरून एकच सांधा वाकवणं), प्रत्येकी 10 वेळा. सर्जनच्या परवानगीने हलका प्रतिकारही सुरू केलाय.

अडचण शीटची. घडीवर ती टिकत नाही, घामाने खाली पुरळ येतं. रात्रीच्या स्प्लिंटखाली इलास्टोमरचा (व्रणाच्या आकारात बसणाऱ्या रबरासारख्या मऊ पदार्थाचा) साचा बसवून कोणी पाहिलाय का? व्रणावर दाब सारखा येण्यासाठी किती जाड ठेवता?

दुसरं, व्यायामाआधी 3 मेगाहर्ट्झ अल्ट्रासाउंड दिल्याने ग्लायडिंगमध्ये खरंच फरक पडतो का, की आधीचा शेक पुरतो? स्टिरॉइडचं इंजेक्शन शिवलेल्या टेंडनजवळ नको वाटतं, तो कमकुवत होऊन तुटण्याची भीती असते. टेनोलिसिसची (चिकटलेला टेंडन सोडवण्याच्या शस्त्रक्रियेची) वेळ येण्याआधी अजून काय करता येईल?