मदत हवी आहे : आनेगुंदीहून पावसाळ्यात हंपीला कसं जायचं?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरहून कारने विजापूर-इलकल-कुष्टगी करत गंगावतीकडून आनेगुंदीला जायचंय, मुक्काम तीन रात्री. सोबत आई-बाबा, बाबांच्या गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे. आता अडचण अशी की आनेगुंदी तुंगभद्रेच्या उत्तर काठावर आणि हंपी दक्षिण काठावर, मॅपवर बघितलं तर विठ्ठल मंदिर अगदी समोर दिसतं पण मधे नदी, आणि होस्पेटच्या धरणातून पाणी सोडलं की तळवारघट्टाच्या धक्क्यावरची नाव, टोपली (गोल टोपलीसारखी होडी) सगळं बंद होतं म्हणे.

होमस्टेवाल्याला फोन केला, तो म्हणाला "या, तेव्हाचं तेव्हा बघू" 😅 मॅपवर कडेबागिलू-बुक्कसागरचा पूल दिसतोय पण पाणी वाढल्यावर तो चालू असतो का कळत नाहीये. होस्पेटला राहा असं प्लीज सांगू नका, आईला ती भातशेती, केळीच्या बागा आणि मधेच रचून ठेवल्यासारखे दगडांचे डोंगर असलेलं गावच हवंय, शहर नको. अंजनाद्री टेकडीच्या ५७५ पायऱ्या मी एकटाच चढणार, ते दोघं खाली पंपा सरोवराला थांबतील.

तर पावसाळ्यात जाऊन आलेल्यांनी सांगा, पाणी सोडलेलं असताना त्या पुलावरून कार जाते का, आनेगुंदीतून विठ्ठल मंदिराच्या पार्किंगपर्यंत किती वेळ लागतो, आणि तो रस्ता अंधार पडल्यावर परत यायला ठीक आहे का?