वर्गणी मागितली म्हणून आमचा नाच बंद करायचा?

घुंगराविना:

आमच्या समकालीन नृत्याच्या संचाने परवा वर्गणीचं आवाहन केलं. त्याखाली एका गृहस्थांनी लिहिलं, "तिकीट खपत नसेल तर दुकान बंद करा. सांगलीला हा अंग वेडंवाकडं करायचा नाच नको आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही ते लोकांच्या पैशावर कशाला जगवायचं?" त्याला होकार देणारे पुष्कळ निघाले. दोन दिवस गप्प बसले, आज लिहितेच.

आपण ज्या गावात राहतो तिथे ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक झालं, म्हणून दरवर्षी रंगभूमी दिन करतो. त्या खेळामागे तिकीटबारी नव्हती, सांगलीचे संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धन होते. त्यांनी विष्णुदास भाव्यांना काम दिलं, खर्च दिला, चुका करायला वेळ दिला. पहिल्याच दिवशी "खपतं का?" असं विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता आमचं. २०१२ ला १४ जण होतो. वखारभागात जुनं गोदाम भाड्याने घेतलं. फरशीवर प्लायवूड, वर काळी मॅट. नुसत्या फरशीवर उड्या मारल्या की आधी नडग्या जातात, मग गुडघे, म्हणून पहिला पैसा जमिनीवर घातला. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गोदामात छातीएवढं उभं राहिलं. प्लायवूड फुगून वर आलं, स्पीकर गेले, मॅट धुऊन धुऊन वास जाईना. सावरतोय तोवर २०२० ची टाळेबंदी. चौघं पुण्या-मुंबईला गेले, एक जण आता फायनान्सचे हप्ते गोळा करतो, आणखी चौघं सुटले. कोणी परत यायचं नाव घेत नाही, आणि मी कोणत्या तोंडाने बोलावू? आज पाच उरलोय.

पोट गॅदरिंगवर आणि लग्नाच्या संगीतावर चालतं. नवरीच्या मावशांना तीन दिवसांत एक गाणं बसवून दिलं की जे मिळतं, तेवढं आमच्या दीड तासाच्या प्रयोगाला कधीच मिळालं नाही. म्हणून कामच बदललं. दिवे, पडदे, १४ जणांची रचना सोडली. आता पुरावरचा चाळीस मिनिटांचा तुकडा तिघं करतो. एक ताडपत्री आणि दोन बादल्या. देवळाच्या सभामंडपात होतो, शाळेच्या पटांगणात होतो. हरिपूरला केला तेव्हा ओल्या ताडपत्रीची घडी घालायच्या जागी पुढे बसलेल्या एक आजी रडायला लागल्या. नंतर म्हणाल्या, "पाणी उतरल्यावर मी नि सून अशीच घातली होती गं." हा नाच कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्या ओट्यावर बसून बघावा.

नियमांचंही ऐका. कंपन्यांनी समाजकार्याला द्यायचा निधी (सीएसआर) कशाला चालतो याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, तिथे 'पारंपरिक कला' असे शब्द आहेत. इकडच्या एका कंपनीच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "तुमचं पारंपरिक आहे का?" जीएसटीत कलाकाराच्या मानधनाला दीड लाखापर्यंत सूट आहे, ती लोककलेला आणि शास्त्रीयला. आम्ही दोन्हीकडून बाहेर. मग मागायचं कुणाकडे?

हळदपेठ:

ते गृहस्थ मीच. नाव न घेता लिहिलंत, पण सगळ्यांना कळलं आहे.

भाव्यांची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत, उरलेली मी सांगतो. १८५१ ला अप्पासाहेब गेले, संस्थानचा आधार सुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव फिरले, १८५३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक जगलं ते त्या तिकिटावर.

आणि पुराचं म्हणाल तर २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरलं, आमची हळद गेली. वडिलांनी दोन वर्षांत देणी फेडली. कुणापुढे डबा फिरवला नाही. तुमच्याच वयाची माझी पोरगी परवा विचारत होती, कलाकाराचं नुकसान तेवढं समाजाचं आणि व्यापाऱ्याचं त्याचं एकट्याचं, असं का? मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येत असेल तर द्या.

घुंगराविना:

भावे तिकिटावर गेले, पण त्याआधी आठ वर्षं त्यांना शिकायला मिळाली, हे तुम्ही गाळलंत. आणि तुमच्या पेढीला बँक कर्ज देते, हळद तारण असते. आमचं तारण काय ठेवू? गुडघे?

नर्तक उदय शंकरांचं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र १९३८ ला सुरू झालं आणि पैशाअभावी काही वर्षांतच बंद पडलं. तो माणूस जगभर नावाजलेला होता, तिकिटं खपणारा होता. तरी शाळा चालली नाही, कारण शिकणाऱ्यांचा रोजचा खर्च तिकिटातून निघतच नाही. अमेरिकेतल्या मार्था ग्रॅहॅमची नृत्यकंपनी १९२६ ची, तीही मे २००० मध्ये पैशासाठी थांबली होती. पुन्हा उभी राहिली, तर २०१२ ला न्यूयॉर्कच्या वादळात तळघरात पाणी शिरून नेपथ्य आणि पोशाख गेले. ते वाचलं तेव्हा आमचं गोदाम डोळ्यापुढे आलं. ती कंपनी टिकली, कारण मागे उभं राहणारे लोक होते.

आकडेमोड:

ताई, कळकळ पोचली, पण दोन गोष्टी दुरुस्त करतो. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणार, म्हणजे जीएसटीची नोंदणीच लागत नाही. सूट मिळो न मिळो, तुम्हाला फरक शून्य. तिकिटाचं तर उलट आहे. नृत्याच्या प्रयोगाला ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर कर नाही, आणि तिथे शास्त्रीय-लोककला असा भेद नाही.

त्याच परिशिष्टात 'कला आणि संस्कृती' असंही आहे, साहेबांनी सोयीचा शब्द दाखवला. खरा अडसर वेगळा आहे. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी लागते, त्याआधी प्राप्तिकराच्या १२ए, ८०जी या नोंदण्या. तुमची आहे का?

घुंगराविना:

जीएसटीचं मान्य, माझं चुकलं. नोंदणी नाही. ट्रस्ट करायचं दोनदा ठरलं, एकदा पूर आला, एकदा खजिनदार व्हायला कोणी तयार होईना. पण नोंदणी केल्यावर पैसे येतात हेही लगेच मानू नका. केंद्राच्या गुरू-शिष्य योजनेत गुरूला महिना १५,००० आणि सज्ञान शिष्याला १०,००० आहेत. ऐकायला बरं वाटतं. पण एका अनुदानासाठी आम्ही अर्ज केला होता, कुठल्या ते सांगत नाही. प्रयोगाचे सगळे कागद आधी, पैसे वर्ष उलटल्यावर. मधलं वर्ष नाचणारी मुलं काय खातात?

पडद्यामागचा:

दिव्यांचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. तुम्ही सगळे भलतीकडे भांडताय. सांगलीत कला मारली ती फुकट पासांनी. भावे नाट्यमंदिर असो, दीनानाथ असो, मिरजेचं बालगंधर्व असो, कुठेही जा. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून फोन, "दोन पास ठेव रे." पहिल्या दोन रांगा राखीव. नऊ वाजले तरी त्या मोकळ्या, आणि तिकीट काढलेला माणूस मागे खांबाआड. एका प्रयोगाला मी मोजले. १८० माणसं आत, तिकिटं ४१. त्या दिवशी जनरेटरचं डिझेल मी माझ्या खिशातून भरलं. हळदपेठ काका, तुम्ही शेवटचं तिकीट कधी काढलंत?

हळदपेठ:

मी जाहिरात देतो. जाहिरातीबरोबर पास येतात. ते फुकट कसे?

पडद्यामागचा:

दोन हजारांची जाहिरात, दहा पास, आणि येतो कोण, तर दुकानातला पोरगा एकटा. बाकी नऊ खुर्च्या मोकळ्या. नाचणाऱ्याला मोकळी खुर्ची वरून दिसते. दिवे मी लावतो, मला माहीत आहे काय काय दिसतं ते.

तिसरी रांग:

मी निवृत्त शिक्षक. पास मागणाऱ्यांत मीही आहे, लपवत नाही. पेन्शन पुरते, तरी मागतो, कारण चाळीस वर्षं आमच्या गावात ओळख म्हणजे पास असंच चाललं. नाकारला की माणूस दुखावतो. माझ्या विद्यार्थ्याने एकदा पास दिला नाही, मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. आज वाचून वाईट वाटतंय. पण ही सवय तुम्हीच लावलीत. रिकामं सभागृह दिसू नये म्हणून तुम्हीच घरोघर पास वाटत होतात.

मूळ मुद्द्याबद्दल एक बोलतो, रागावू नका. संच कायम जगलाच पाहिजे असं आहे का? अमेरिकन नर्तक मर्स कनिंगहॅमने आपल्या माघारी आपली नृत्यकंपनी बंद करायची असं जिवंतपणीच ठरवलं. २००९ ला ते गेले, पुढे दोन वर्षं दौरा झाला आणि ३१ डिसेंबर २०११ ला शेवटचा प्रयोग. सन्मानाने थांबता येतं.

घुंगराविना:

सर, त्या बंद करण्याच्या योजनेला ८० लाख डॉलर धरले होते. नर्तकांना पुढचं शिकायला पैसे दिले, प्रत्येक रचनेची टिपणं, चित्रफिती जपल्या. आम्ही उद्या थांबलो तर माझ्या मोबाइलमध्ये सहा व्हिडिओ राहतील. सन्मानाने थांबायलासुद्धा पैसेच लागतात, आणि तेच आमच्याकडे नाहीत.

पासांचं मात्र खरं बोललात. वाटले आम्ही. पहिल्या प्रयोगाला सत्तर वाटले.

फडाची लेक:

इतका वेळ वाचत होते. आता माझं ऐका. मी वाळवा तालुक्यातली. लावणीकार पठ्ठे बापूराव आमच्याच तालुक्याचे, रेठरे हरणाक्षचे. माझी आजी आणि आई तमाशाच्या फडावर होत्या. गुढीपाडव्याला नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन खेळाच्या सुपाऱ्या ठरवतात, त्यावर फडाचं वर्ष उभं राहतं. फडमालक आधीच व्याजाने पैसे उचलतो, बाया-गडी त्याच्याकडनं उचल घेतात, पाऊस पडला की सगळं अंगावर. पास? आमच्यात पास न्हवता, कनातीखालनं आत शिरायचे, आणि अडवलं तर दगड. आईच्या कपाळावर खूण आहे.

तेव्हा सांगलीतलं कोण आलं वर्गणी घेऊन? आणि ताई, तुमच्या २०१६ च्या प्रयोगात लावणीची अदा होती. ती माझ्या मावशीनं शिकवली. आठ दिवस तुमच्या गोदामात येत होती, यष्टीनं. तुम्ही त्याला संशोधन म्हणालात. तिला काय दिलंत?

घुंगराविना:

पत्रकावर नाव छापलं होतं.

फडाची लेक:

नाव खाऊन पोट भरतं का? तुम्हाला साहेबानं 'पारंपरिक आहे का' विचारलं तर एवढा राग आला. पारंपरिक होती ती तुमच्या दारात बसली होती, तिच्या हातावर गाडीभाडं पण ठेवलं नाही.

आकडेमोड:

दोघींनी जरा दमानं घ्या.

फडाची लेक:

दमानंच घेत आलोय आम्ही.

घुंगराविना:

कालपासून उत्तर लिहून पुसतेय. तेव्हा आमच्याकडेही पैसे नव्हते, हे खरं आहे, पण मॅटला होते. दिव्यांना होते. म्हणजे कुणाचं राहिलं तरी चालेल हे आम्ही ठरवलं होतं, आणि ते मावशींचं ठरवलं. त्यांचे आठ दिवसांचे पैसे मी या महिन्यात देते. गॅदरिंगची रक्कम आली आहे. नंबर मला निरोपात पाठवा.

हळदपेठ काका, तुमच्या मुलीचा प्रश्न मी टाळला होता. तुमच्या वडिलांनी सोसलं ते समाजाचंच नुकसान होतं, तेव्हाही कोणीतरी उभं राहायला हवं होतं. त्यावरून आमच्यामागे उभं राहू नये असं मात्र मला वाटत नाही.

हळदपेठ:

वर्गणी मी देणार नाही, माझं मत तेच आहे. पण डबा फिरवायच्या ऐवजी तिकीट लावा, दोनशे रुपये लावा, आणि पास एकही काढू नका. मी दहा घेईन आणि दहाही माणसं बसलेली दाखवीन. जाहिरात वेगळी.

पडद्यामागचा:

पहिल्या दोन रांगा राखीव ठेवणार असाल तर मी दिवे लावायला येणार नाही.

घुंगराविना:

राखीव नाही. पास नाही. पुरावरचाच तुकडा, आणि या वेळी पाचही जण असू. नोंदणीचे कागद आकडेमोड यांच्याकडे रविवारी घेऊन जाते.

तिसरी रांग:

माझं एक तिकीट धरा. तिसऱ्याच रांगेतलं द्या.

फडाची लेक:

मावशीला घेऊन येते, दोन तिकिटं, पैसे देऊन. त्यात लावणीचा एखादा हात असला तर आधी तिला दाखवा.