'इंटरिम मॅनेजर'ला मराठीत काय म्हणावं? (आणि ते त्याला लागलं पाहिजे)

निळा पुणेकर:
एका वाक्यात तीन दिवस अडकलोय, मदत करा. आमच्या चेल्सीवेड्या (लंडनचा फुटबॉल क्लब) मंडळींच्या घरगुती अंकासाठी २०१२-१३ च्या मोसमावर लिहितोय. प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. २७ फेब्रुवारी २०१३, एफए कपात मिडल्सब्रोला त्यांच्याच मैदानावर २-० हरवलं, आणि सामना जिंकूनही चेल्सीचा तेव्हाचा मॅनेजर राफा बेनिटेझ पत्रकारांसमोर उखडला. क्लबनं आपल्या नावापुढे 'इंटरिम', म्हणजे तात्पुरता, लावलं हीच मोठी चूक, असं तो म्हणाला. मोसम संपला की मी जाणार, हेही सांगून मोकळा झाला. लिव्हरपूलला २००५ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला माणूस, आणि इथे पदाच्या पाटीवर लिहिलेलं की हा काही दिवसांचा पाहुणा.

मी लिहिलं, 'हंगामी प्रशिक्षक म्हटल्यामुळे बेनिटेझ संतापला.' बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "मग काय रब्बी म्हणायचं होतं?"

ती हसली, पण मुद्दा बरोबर आहे. खेळाच्या बातमीत हंगाम म्हणजे सीझन. 'उरलेल्या हंगामासाठी हंगामी प्रशिक्षक' हे मी स्वतः कुठेतरी छापलेलं वाचलंय. शिवाय हंगामी म्हटलं तर कुणाला राग का यावा? मला असा शब्द हवाय की जो ऐकून राफा का चिडला ते वाचणाऱ्याला न सांगता कळेल.

शब्दवेडी:
हंगाम फारसीतून आला. मूळ अर्थ वेळ, काळ. पिकाचा हंगाम हा त्यातला एक. हंगामी म्हणजे वेळेपुरता, म्हणून हंगामी पंतप्रधान. गुलझारीलाल नंदा १९६४ आणि १९६६ मध्ये दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस होते, त्यांना कुणी रब्बी म्हटलं नाही. हिंदीतला हंगामाही याच घराण्यातला, त्यामुळे राफाच्या बाबतीत तर दुहेरी चपखल. पण खेळाच्या पानावर घोटाळा होतो हे मान्य. 'काळजीवाहू' वापरा की! सगळ्यांना कळतो.

वर्ग तीन:
काळजीवाहू अजिबात नको. ताई, नीट आठवून बघा, आपल्याकडे काळजीवाहू कोण असतो? जो राजीनामा देऊन मोकळा झालाय पण नवा येईपर्यंत खुर्ची सांभाळतोय तो. २०२४ च्या निवडणुकीनंतर शिंदेंनी २६ नोव्हेंबरला राजीनामा दिला, नव्या सरकारचा शपथविधी ५ डिसेंबरला झाला, मधले दिवस काळजीवाहू मुख्यमंत्री तेच. म्हणजे मराठीत काळजीवाहू हा *जाणारा* असतो. फुटबॉलमध्ये जाणाऱ्याला त्याच दिवशी गेट दाखवतात आणि दुसराच माणूस आणून बसवतात. तुमच्या हिशोबानं चेल्सीचा काळजीवाहू मॅनेजर म्हणजे राफाच्या आधीचा, हाकललेला दी मात्तेओच ठरेल.

स्टॅमफर्डचा शेजारी:
तोच ठेवायला हवा होता.

शब्दवेडी:
वर्ग तीन, मुद्दा खरंच चांगला आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. पण 'काळजी वाहणे' हा आपला जुना वाक्प्रचार आहे, योगक्षेम वाहतो तसा. आणि काळजी हा शब्द काळजातूनच आलाय असं आमचे सर सांगायचे. इंग्लंडात शाळेच्या इमारतीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यालाही केअरटेकरच म्हणतात. आपला काळजीवाहू त्याच्या कितीतरी वरचा.

ओल्ड ट्रॅफर्डचा वारकरी:
तुम्ही सगळे केअरटेकर आणि इंटरिम एकाच पिशवीत घालताय. आमच्याकडे, मँचेस्टर युनायटेडमध्ये, २०२१ मध्ये दोन्ही लागोपाठ झाले. २१ नोव्हेंबरला मॅनेजर ओले सोल्शियर गेला, कॅरिकनं तीन सामने सांभाळले (व्हियारेआलवर विजय, चेल्सीशी बरोबरी, आर्सेनलवर विजय), तो केअरटेकर. मग राल्फ रांगनिक आला तो मोसमाच्या शेवटापर्यंत, तो इंटरिम. पहिला म्हणजे भात उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं केलेलं पोर. दुसरा म्हणजे महिनाभरासाठी ठेवलेला स्वयंपाकी. मराठीत दोन वेगळे शब्द लागणार.

आणि तरी ओलेचं काय करणार? डिसेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा मोसमाच्या शेवटापर्यंतच होता, पण सगळे त्याला केअरटेकर म्हणायचे. पहिले आठही सामने जिंकला, पॅरिसमध्ये जाऊन ३-१ केलं आणि २८ मार्चला तीन वर्षांचा करार.

स्टॅमफर्डचा शेजारी:
आणि मग तुमचं काय झालं तेही सांगा. हंगामी माणूस जिंकला की लगेच कायम करायचा, हा रोग आहे. रूड व्हॅन निस्टेलरॉयला २०२४ मध्ये असेच मधले चार सामने दिले, तीन जिंकला, एक बरोबरीत, तेव्हा तुम्हीच इथे ओरडत होतात की रूडलाच ठेवा.

ओल्ड ट्रॅफर्डचा वारकरी:
मी नव्हतो ओरडत. मी म्हटलं होतं, निदान नवा मॅनेजर अमोरीमच्या हाताखाली तरी ठेवा. त्यातले दोन विजय लेस्टरवरचे होते हे मलाही कळतं, राव.

मराठीमित्र:
नमस्कार. आपण सारे 'मॅनेजर' हा शब्द जसाच्या तसा वापरत आहात याचा खेद वाटतो. 'व्यवस्थापक' आहे ना? आणि हंगामी हा परकीय शब्दच का हवा? शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नव्हे. माझी सूचना : 'अंतरिम व्यवस्थापक'. शुद्ध, सुटसुटीत, शिवाय मूळ शब्दाशी नादसाम्य.

वर्ग तीन:
अंतरिम म्हटलं की मला फक्त जामीन आठवतो. अंतरिम व्यवस्थापक म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत बाहेर असलेला.

निळा पुणेकर:
😄 राफाच्या बाबतीत ते खोटंही नाही. पण मराठीमित्र, व्यवस्थापक म्हटलं की डोळ्यासमोर बँक येते. अकरा जणांचा संघ निवडणारा, बाजूला उभा राहून घसा फोडणारा माणूस येत नाही.

तालमीतला:
आमच्या कोल्हापुरात पेठेच्या टीमला मॅनेजर असतोय, पण तो किट, लिंबूपाणी आणि पोरांच्या भांडणाचं बघतोय. टीम लावणारा वेगळा. आणि बदललेला माणूस किती दिवसांचा हे कोण विचारत नाही. 'सध्या टीम कोण बघतंय?' एवढंच. 'सध्या' या शब्दातच सगळं आलं बघा. शाहू स्टेडियमवर माझ्या मामानं असंच 'सध्या' म्हणत चार सीझन टीम बघितली. पाचव्याला दुसरा आला, तर मामा सहा महिने ग्राउंडकडं फिरकला नाही.

मांडवीकाठ:
'टीम बघणारा' आवडलं. गोव्याची आठवण सांगते. २०२० च्या जानेवारीअखेर एफसी गोवानं प्रशिक्षक लोबेराला काढलं, साखळीचे थोडेच सामने उरलेले, तेव्हा क्लिफर्ड मिरांडाकडे संघ दिला. आपलाच माणूस, इथेच वाढलेला. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत अव्वल येणाऱ्याची शील्ड घेतली, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. २०२३ मध्ये ओडिशाकडेही तो असाच मधल्या काळापुरता होता, तिथे सुपर कप जिंकला. बाबा म्हणतात, या माणसाला कायम करू नका, बिघडेल. 😀
शब्दाचं म्हणाल तर आमच्या घरी 'हंगामी' हेच. कुणाला रब्बी आठवली नाही, कारण आमच्याकडे पाऊस आणि पर्यटक हे दोनच हंगाम.

शब्दवेडी:
कोशात एक जुना शब्द आहे, मुतालिक. मूळ अधिकाऱ्याच्या नावानं त्याचं काम पाहणारा. पेशवाईच्या कागदांत सापडतो, आडनावातही उरलाय. 'मुतालिक प्रशिक्षक' कसं वाटतं?

स्टॅमफर्डचा शेजारी:
बेळगावच्या एखाद्या सरांचं नाव वाटतं.

वर्ग तीन:
मुतालिकाला मूळ मालक जिवंत लागतो. आपल्या सरकारी फायलीत याचे चार प्रकार आहेत, एकदाच सांगतो. एक, अतिरिक्त कार्यभार : स्वतःचं टेबल सांभाळून दुसऱ्याचंही. याचं सुंदर उदाहरण चेल्सीचंच. २००९ मध्ये स्कोलारी गेल्यावर गुस हिडिंक आला तो रशियाच्या राष्ट्रीय संघाचं काम न सोडता. सगळा मोसम मिळून एक सामना हरला आणि एफए कप नेला. दोन, कार्यकारी, पण कार्यकारी अभियंता हा पूर्णवेळचा साहेब असतो, त्यामुळे घोटाळा. तीन, स्थानापन्न, हा आता फक्त परिपत्रकात जिवंत. चार, प्रभारी.

आणि निळा पुणेकर, तुम्हाला जो झोंबणारा शब्द हवाय तो या चौथ्यात आहे. माझे वडील तालुक्याच्या एका शाळेत नऊ वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होते. शिक्का होता 'प्र. मुख्याध्यापक'. कामं सगळी तीच, पगार शिक्षकाचा. दाखल्यावर सही करताना ते शिक्का जरा तिरका मारायचे, असा की 'प्र.' कागदाच्या काठाबाहेर जायचा. मी सातवीत असताना विचारलं तर म्हणाले, शाई नीट लागत नाही. नंतर एकदा शिक्का मी हातात घेऊन पाहिला. 'प्र.' वरचं रबर ब्लेडनं खरवडलेलं होतं, अनुस्वाराएवढा टिंब तेवढा राहिला होता.

राफाच्या बाबतीत हेच झालंय. त्याला तो 'प्र.' सहन होत नव्हता.

निळा पुणेकर:
वर्ग तीन, यावर काय बोलू. 'प्र.' माझ्या लेखात घेऊ का, तुमचं नाव न घालता?

वर्ग तीन:
घ्या. शाळेचंही नको.

गिरणगावकर:
उशिरा आलोय. सगळं वाचलं. तुम्हाला 'बदली' कसा सुचला नाही? गिरणीत कायम कामगार आणि बदली कामगार. बदलीवाला रोज सकाळी गेटवर उभा, कुणी खाडा केला तरच आत. घ्यायचं की नाही ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. काम कायमवाल्याइतकंच, त्याच मागावर, पण उद्याचं काही खरं नाही. आमच्या चाळीत लग्न जुळवताना पहिला प्रश्न, "मुलगा कायम आहे की बदली?" माझे वडील '८२ च्या संपापर्यंत बदलीच होते. आई अजून भांडणात सांगते की तिच्या बापाला 'लवकरच कायम होणार' असं सांगून फसवलं.

राफाला मराठीत 'बदली' म्हणा. चिडणारच.

ओल्ड ट्रॅफर्डचा वारकरी:
पण दादा, बदली खेळाडू म्हणजे सब्स्टिट्यूट. 'बदली मॅनेजर' वाचून लोकांना वाटेल ७० व्या मिनिटाला उतरवला.

वर्ग तीन:
आणि आमच्याकडे बदली म्हणजे गडचिरोली.

गिरणगावकर:
तुमचे अर्थ नंतरचे.

वर्ग तीन:
नंतरचे कसे? बदल्या इंग्रजांच्या काळापासून चालू आहेत.

मराठीमित्र:
'बदली' हा शब्दही अरबीतून आला आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

गिरणगावकर:
'गिरणी' पोर्तुगीज बाजूनं आली असं म्हणतात. मग काय करू, वडिलांना 'यंत्रालय-पर्यायी श्रमिक' म्हणू?

तालमीतला:
😂😂

मांडवीकाठ:
शब्द राहू द्या, एक विचारते. राफाला लोक नावापायी शिव्या देत होते की लिव्हरपूलपायी? पदाच्या पाटीवर 'कायम' असतं तर गप्प बसले असते?

स्टॅमफर्डचा शेजारी:
नसते. मी त्या मोसमात तिकडेच होतो, शिकत होतो. त्याचा पहिला सामना मँचेस्टर सिटीशी, ०-०. लाउडस्पीकरवर नाव घेताच हुर्यो. आणि सोळाव्या मिनिटाला सगळं स्टेडियम दी मात्तेओसाठी टाळ्या वाजवायला लागलं, कारण तो खेळायचा तेव्हा त्याचा नंबर सोळा. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं हातमोजे काढून वाजवल्या, नोव्हेंबरची थंडी असून. आणि लक्षात घ्या, दी मात्तेओसुद्धा मार्च २०१२ मध्ये इंटरिमच आला होता! व्हिलास-बोआसला काढून त्याला बसवलं. एफए कप जिंकला, म्युनिकमध्ये बायर्नला त्यांच्याच घरात पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीग जिंकला. जूनमध्ये कायम केला, नोव्हेंबरमध्ये युव्हेंटसकडून ३-० खाल्ल्यावर काढला. इंटरिम होता तेव्हा देव, कायम झाल्यावर पाच महिने. त्यामुळे तो शब्द शिवी आहे हे मला पटतच नाही. माणूस आवडता असेल तर 'इंटरिम' म्हणजे 'आपल्यातलाच, धावून आला'. नावडता असेल तर 'हा कधी जातोय'. निळा पुणेकर, तुमचा शब्द झोंबणार की नाही हे शब्दावर नाहीच.

ओल्ड ट्रॅफर्डचा वारकरी:
तुमचा जुना खेळाडू लँपार्ड तर आवडताच होता. २०२३ मध्ये इंटरिम म्हणून अकरा सामन्यांत एक विजय. धावून आला खरा.

स्टॅमफर्डचा शेजारी:
तो वेगळा विषय आहे.

शब्दवेडी:
नाही, तोच विषय आहे. आवडत्या माणसालाही तुम्ही मनातून 'प्र.' लावूनच ठेवला होतात.

स्टॅमफर्डचा शेजारी:
ताई, सोळाव्या मिनिटाच्या टाळ्या तुम्ही ऐकल्या नाहीत.

शब्दवेडी:
नाही ऐकल्या. पण पुढे मे महिन्यात ॲमस्टरडॅमला बेन्फिकाला २-१ हरवून त्याच नावडत्या माणसानं युरोपा लीग जिंकून दिली, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं हातमोजे काढले का?

स्टॅमफर्डचा शेजारी:
मे महिना होता. हातमोजे नव्हतेच.

निळा पुणेकर:
अपडेट. शेवटी 'बदली मॅनेजर' लिहिलं, शेजारी गिरणगावकरांचा 'कायम की बदली' प्रश्न घातला, आणि 'प्र.' चा परिच्छेद. रात्री बारा वाजता पाठवून दिलं. अंक आज आला. अंक जुळवणाऱ्या मित्रानं 'बदली' काढून सगळीकडे 'हंगामी' केलंय, कारण 'बदली वाचून लोकांना सब्स्टिट्यूट वाटेल'. परिच्छेद दोन्ही तसेच आहेत, त्यामुळे आता ते कशाबद्दल आहेत तेच कळत नाही. पहिली प्रतिक्रिया आलीये : "हंगामापुरताच नेमला होता ना? मग हंगामी म्हटल्यावर चिडायचं काय कारण?"

तालमीतला:
ते बरोबरच विचारलंय की त्यानं.

वर्ग तीन:
त्या मित्राची बदली करा.