‘त्यांचं काय, तळहाताएवढा देश!’ : सिंगापूर, भारत आणि तुलनेचं माप

खाडीकाठ

गेल्या महिन्यात मुलीकडे सिंगापूरला तीन आठवडे राहून आलो. परतल्यावर तिथलं काही सांगायला जावं, तर समोरून उत्तर ठरलेलं: "अहो, त्यांचं काय, तळहाताएवढा देश! 140 कोटी माणसं सांभाळायला द्या, मग कळेल." हे ऐकून ऐकून आता राग यायला लागलाय, म्हणून हा धागा.

देश लहान आहे हे खरंच. सुमारे 735 चौरस किलोमीटर जमीन आणि साठ लाख माणसं. त्याला अख्ख्या भारताशेजारी उभं करण्यात अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण नाले, कचरा, बस, फेरीवाले, राहती घरं ही कामं आपल्याकडे तरी देशाची कुठे आहेत? ती शहराची आहेत. म्हणून मी मुंबई धरतो. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ सिंगापूरपेक्षा कमी आहे. 2011 च्या जनगणनेत इथे 1 कोटी 24 लाख माणसं होती आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त झोपडपट्टीत राहत होती.

एकच गोष्ट बघा. 1977 मध्ये तिथले तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कॅलँग खोरं साफ करायला दहा वर्षांची मुदत घालून दिली. तेव्हा त्या पाण्यात डुकरं-बदकं पाळणाऱ्यांची घाण, फेरीवाल्यांचं खरकटं, वस्त्यांचा मैला आणि बोटींचं तेल, सगळं एकत्र जात होतं. आधी काठावरच्या हजारो कुटुंबांना पक्की घरं दिली. फेरीवाल्यांना हुसकावलं नाही, नळ आणि गटार असलेल्या मंडईत गाळे दिले. मालवाहू बोटी दुसरीकडे हलवल्या. गाळ काढला तो या सगळ्यानंतर. 1987 ला काम पुरं झालं.

आपली मिठी नदी साधारण 18 किलोमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी आहे हे मुंबईला आठवलं. त्याला वीस वर्षं होऊन गेली. दर उन्हाळ्यात गाळ काढतात, दर पावसाळ्यात पुन्हा तेच. काठावर माणसं राहतात तशीच राहतात आणि मैला जातो तसाच जातो. यात 140 कोटींचा संबंध कुठे येतो, कुणी मला समजावून सांगेल का?

दगडफूल

समजावतो. तुम्ही देशाऐवजी शहर घेतलंत, पण सिंगापूर हे शहर नाही. त्याला स्वतःचं चलन आहे, कर आहेत, कायदे आहेत, सैन्य आहे. मुंबई महापालिकेकडे यातलं काय आहे?

आकडेच घ्या. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर आहे. देशातली सर्वांत श्रीमंत पालिका म्हणून आपण मिरवतो. सिंगापूर सरकार वर्षाला शंभर अब्ज सिंगापूर डॉलरहून जास्त खर्च करतं, म्हणजे किमान साडेसहा लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचा अख्खा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या आसपास आहे, आणि त्यात गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळे आले. साठ लाखांसाठी जेवढा पैसा तिथे आहे, जवळजवळ तेवढ्यातच आपण बारा कोटींचा संसार करतो. मुंबईत गोळा होणारा आयकर दिल्लीला जातो आणि तिथून बिहारला, ओडिशाला, ईशान्येला वाटला जातो. तो तसा जायलाच हवा, मी त्याच्या बाजूचा आहे. पण मग मिठीचा जाब विचारताना हे विसरू नका.

खाडीकाठ

@दगडफूल, आकडे बरोबर आहेत, पण ते आजचे. त्यांचं हाउसिंग बोर्ड 1960 मध्ये सुरू झालं तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता. 1961 मध्ये बुकित हो स्वी वस्ती जळाली, सोळा हजारांच्या आसपास माणसं एका दिवसात उघड्यावर आली. तशाही स्थितीत बोर्डाने पहिल्या पाच वर्षांत 50 हजारांहून जास्त घरं बांधली. साधी, एक-दोन खोल्यांची, पण पाणी आणि संडास घरात. आज चारपैकी तीनहून जास्त रहिवासी बोर्डाच्या घरात राहतात. घरं आधी झाली, श्रीमंती मागून आली.

आणि अधिकारांचं म्हणाल, तर ते कुणी अडवलेत? शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान आणि अधिकार देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. एवढं असून मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. हे देश मोठा असल्यामुळे झालं का?

गिरणगाव

खाडीकाठ, तुमची तळमळ कळते. तरी एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. सिंगापूरला दरवाजा आहे.

माझे वडील साताऱ्याहून गिरणीत आले ते एक वळकटी घेऊन. लालबागच्या एका खोलीत चौदा माणसं पाळीपाळीने झोपत. खानावळ महिन्याच्या बोलीवर. त्यांना कुणी परवाना विचारला नाही, कारण हा त्यांचा देश होता आणि घटना त्यांना कुठेही राहायचा हक्क देते. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं आली, पुढे उत्तरेतून आली. कुणालाही थांबवता आलं नाही आणि थांबवायला नको होतं. गावात खायला नसेल तर माणूस शहरात येणारच, आणि मोठ्या देशातल्या शहराने त्याला घ्यायचंच असतं.

ऑगस्ट 1965 मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं. त्या दिवसापासून मागचा सगळा मुलूख परका झाला. तोटा होताच, म्हणून तर ली क्वान यू दूरचित्रवाणीवर रडले. पण त्यासोबत कोण आत येणार, किती दिवस राहणार हे ठरवायचा अधिकारही हाती आला.

तो अधिकार कसा वापरतात ते तुम्ही तीन आठवड्यांत पाहिलंत का? तुमच्या मुलीची इमारत बांधली कुणी? तमिळनाडूच्या, बांगलादेशाच्या पोरांनी. त्यांचा परवाना कामापुरता. काम संपलं की परत. बायको-मुलं आणता येत नाहीत. तिथल्या नागरिकाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते. उघड्या ट्रकच्या मागे बसून कामावर जातात. एप्रिल 2020 मध्ये करोना त्यांच्या वसतिगृहांत पसरला, तेव्हा एकेका खोलीत दहा-वीस जण राहतात हे तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आलं. तिथे झोपडपट्टी नाही, कारण झोपडपट्टीत राहू शकेल अशा माणसाला तिथे राहूच देत नाहीत. माझ्या वडिलांना सिंगापूरने लालबागमध्ये पोरं वाढवू दिली नसती.

मुंबई गलिच्छ आहे, कबूल. पण तिने आम्हाला ठेवून घेतलं.

दगडफूल

@गिरणगाव, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण सहमत.

दुरियन

मी इथे सिंगापुरात सोळा वर्षं आहे. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खटकतं, म्हणून लिहिते.

आधी खाडीकाठांना. घरांचं सांगितलंत, जमिनीचं नाही. 1966 च्या कायद्याने सरकार कुठलीही जमीन सार्वजनिक कामासाठी घेऊ शकत होतं, आणि 1973 नंतर बरीच वर्षं मोबदला जुन्या गोठवलेल्या भावाने मिळत असे. आज जवळजवळ नव्वद टक्के जमीन सरकारी आहे. तुम्हाला आवडलेलं घर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याचं, मालकीचं नव्हे. कुठल्या इमारतीत चिनी, मलाय, भारतीय किती टक्के असावेत हेही 1989 पासून ठरलेलं आहे. घर विकताना त्याचा फटका बसतो. आपल्याकडे 2013 चा भूसंपादन कायदा गावात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला देतो आणि खासगी प्रकल्पाला ऐंशी टक्के जमीनमालकांची संमती मागतो. तुमची वडिलार्जित जमीन सिंगापूरच्या भावाने द्याल का?

आता गिरणगाव, तुम्हाला. मजुरांचं लिहिलंत ते अक्षर अन् अक्षर खरं आहे, आणि त्यावर इथे फार कमी बोललं जातं. पण दरवाजा असला म्हणून नदी आपोआप साफ होत नाही. 1959 पासून इथे एकच पक्ष सत्तेवर आहे. तो मला आवडतो असं नाही. तरी 2024 मध्ये माजी परिवहनमंत्री ईश्वरन भेटवस्तू घेतल्याच्या प्रकरणात बारा महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले. फुटबॉलचे सामने, नाटकांची तिकिटं, असल्या भेटी. आपल्याकडे मोठ्यात मोठ्या घोटाळ्याचा खटला किती वर्षं चालतो, ते आठवून बघा.

आणि हो, ‘मासेमारीच्या खेड्याचं महानगर झालं’ हे कृपया कुणी लिहू नका. 1965 मध्येही हे आशियातल्या गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं, आणि दरडोई उत्पन्न बहुतेक शेजाऱ्यांपेक्षा जास्त होतं.

नकाशा

लहानपणाने सगळं जमत असतं तर नाऊरू आज स्वर्ग असता. 21 चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेटच्या जोरावर 1970 च्या दशकात दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत होतं. फॉस्फेट संपत आलं, साठवलेला पैसा भलत्या गुंतवणुकींत बुडाला, आणि पुढे ऑस्ट्रेलियाने नाकारलेल्या निर्वासितांना ठेवून घेण्याच्या मोबदल्यावर दिवस काढायची वेळ आली. आपण नेहमी लहानांतला पहिला नंबर उचलतो आणि मोठ्यांच्या सरासरीसमोर ठेवतो. ही तुलनाच नव्हे.

दुसरं, सिंगापूरचा कित्ता मोठ्या देशात गिरवून पाहिला गेला आहे. 1994 मध्ये चीनमधल्या सूचौला सिंगापूरने औद्योगिक वसाहत उभारायला घेतली. स्थानिक अधिकाऱ्यांनी शेजारीच स्वतःची वसाहत पुढे रेटली. 2001 मध्ये सिंगापूरला आपला मोठा हिस्सा चिनी बाजूला द्यावा लागला, आणि त्यानंतर वसाहत जोरात चालली. आपल्याकडे आंध्रच्या नव्या राजधानीचा, अमरावतीचा आराखडा सिंगापूरनेच केला होता. 2019 मध्ये आंध्रातलं सरकार बदललं आणि करार गुंडाळला गेला. आराखडा नेता येतो, पण तो राबवणारी पाच वर्षांनंतरची माणसं बरोबर नेता येत नाहीत.

आणि गोवा? सिंगापूरच्या पाचपट जमीन, लोकसंख्या चौथाईच्या आसपास, उत्पन्नही देशात वरचं. तरी सोनसोड्याचा कचरा कितीतरी वर्षं मडगावकरांच्या उशाशी पडून राहिला. त्यामुळे ‘लहान म्हणून’ हे कारण मला पटत नाही, आणि ‘मुंबई मोठी म्हणून’ हेही नाही.

शहापूरकर

इथले प्रतिसाद वाचून राहवलं नाही. गिरणगावांनी दरवाजाचं लिहिलं, मला पाण्याचं लिहायचंय.

भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात, तानसा धरण आमच्या तालुक्यात. मुंबईचं बरंचसं पाणी आमच्या डोंगरातून जातं. एप्रिल-मे आला की आमच्या वाडीत टँकरची वाट बघतात. विहिरीत टँकर ओतला की बायका कळशा-हंडे घेऊन धावतात. त्या गर्दीत माझी आई एकदा विहिरीच्या काठावरून घसरली, थोडक्यात वाचली. आणि ज्या पाइपातून तुमचं पाणी जातं, तो आमच्या शेताच्या बांधावरून दिसतो.

सिंगापूरही पाणी बाहेरून आणतं, मलेशियातल्या जोहोरमधून. पण तो परका देश आहे, म्हणून कागद करावा लागला. 1962 चा करार, रोज 25 कोटी गॅलन, मुदत 2061. हजार गॅलनला तीन सेन हा दर अगदीच कमी आहे म्हणून मलेशिया कित्येक वर्षं भांडतेय. भांडू शकते, कारण तिचं स्वतःचं सरकार आहे. उद्या पाणी बंद झालं तर काय, या धास्तीने सिंगापूरने 2003 पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायला घेतलं, 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करायला लागले.

मुंबईला ही धास्तीच नाही. आम्ही त्याच देशाचे, त्याच राज्याचे. आमच्याशी भांडण कसलं आणि करार कसला? मोठ्या देशात असल्याचा आम्हाला झालेला फायदा कुणीतरी सांगा.

खाडीकाठ

@शहापूरकर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि सकाळी आंघोळीला नळ सोडताना हात थांबला. मी नद्या आणि घरं मोजली. आपलं पाणी कुठून येतं आणि तिथल्या माणसाला काय मिळतं, हे माझ्या तुलनेत नव्हतंच. ती चूक माझी.

गिरणगाव, दरवाजाचा मुद्दाही मान्य. मुंबईने दार लावावं असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण आत घेतलेल्या माणसाला गटाराच्या काठावर ठेवायचं आणि ‘आम्ही ठेवून घेतलं’ म्हणायचं, एवढ्यावर मी थांबणार नाही. ज्या शहराने तुमच्या वडिलांना खोलीत चौदावा केलं, त्याच शहरात तुमच्या नातवंडांना मिठीकाठी नाक दाबून चालावं लागतंय. दगडफूल म्हणतात त्यातला दहावा हिस्सा पैसा आणि एक जबाबदार माणूस, एवढं मिळालं तरी दहा वर्षांत ती नदी साफ होईल यावर माझा विश्वास आहे, आणि तो मी सोडणार नाही.

शहापूरकर, एक विचारतो. पाइपाला तुमच्या वाडीसाठी एक जोड द्या, अशी मागणी ग्रामसभेने केली होती का?

शहापूरकर

केली होती, दोनदा ठराव झाला. दोन्ही ठरावांच्या प्रती आईच्या ट्रंकेत आहेत. रविवारी गावी जातोय, फोटो काढून इथे टाकतो.